नवी रॅम टाकल्यावर पीसी कोसळतोय? आधी वेग उतरवा, मग स्टिकवर संशय घ्या

पीसीत ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या, त्यांच्या जोडीला तशाच आणखी दोन टाकल्या. मशीन सुरू झालं, विंडोजने ३२ जीबी दाखवली, सगळं आलबेल वाटलं. संध्याकाळी गेम चालू असताना निळी स्क्रीन आली. दुसऱ्या दिवशी ब्राउझरचे टॅब आपोआप बंद पडायला लागले आणि तिसऱ्या दिवशी तर काहीच चालू नसताना पीसी रीस्टार्ट झाला. अशा वेळी स्टिक उचलून दुकानात नेली जाते, दुकानदार ती एकटी लावून बघतो, ती व्यवस्थित चालते आणि वाद सुरू होतो. खरं तर दोन्ही बाजूंचं निरीक्षण बरोबर असतं. स्टिक एकेकटी चांगली असते, पण त्या चारही मिळून, त्या मदरबोर्डवर, त्या वेगाला चालत नाहीत.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. एएम४ सॉकेटचा (एएमडीच्या प्रोसेसरसाठीचा) बोर्ड, रायझन ३००० किंवा ५००० मालिकेतला प्रोसेसर, डीडीआर४ ३२०० ची जोडी (३२०० हा रॅमच्या वेगाचा आकडा) आणि त्यात नंतर घातलेली दुसरी जोडी हा मामला घरोघरी दिसतो. डीडीआर५ आणि लॅपटॉपमध्ये काय वेगळं, ते पुढे येईलच.

पण कुठल्याही तपासणीच्या आधी एक गोष्ट. रॅमवर संशय आहे तोवर डिस्कवर काहीही महत्त्वाचं लिहू नका. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. तिथे एखादा बिट उलटला, तर तो उलटलेला बिट डिस्कवर बिनबोभाट लिहिला जातो. कॉपी पूर्ण झाल्याचं दिसतं, एरर येत नाही आणि लग्नाच्या फोटोंपैकी एकाचा खालचा अर्धा भाग करडा झालेला सहा महिन्यांनी लक्षात येतो. म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करणं, हिशेबाची फाइल उघडून सेव्ह करणं, विंडोज अपडेट हे सगळं थांबवा. बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) अपडेट तर अजिबात नको, कारण ती फाइलसुद्धा आधी याच रॅममध्ये येते आणि मग बोर्डाच्या चिपवर लिहिली जाते. बायोस अपडेट करायचंच असेल, तर नव्या स्टिक काढून, जुन्या खात्रीच्या स्टिकवर, मूळ वेगाला आणि यूपीएस लावून करा. मध्येच वीज गेली, तर रॅमचा प्रश्न बाजूला राहतो आणि बोर्डच दुरुस्तीला न्यावा लागतो.

बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोस अपडेट झालं, सिक्युअर बूट बंद केलं किंवा सेटिंग्ज रीसेट झाली, की विंडोज पुढच्या वेळी ती मागू शकतं. बऱ्याच लॅपटॉपवर ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली असते आणि मालकाला ते माहीत नसतं.

आता लक्षणं. खराब किंवा अस्थिर रॅमची मोठी खूण म्हणजे तिच्या तक्रारीत सातत्य नसतं. आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, परवा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, मग ‘पीएफएन लिस्ट करप्ट’. प्रत्येक वेळी कोड वेगळा आणि दोषी म्हणून दाखवलेला ड्रायव्हरही वेगळा. विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपमध्ये या नोंदी साठतात, ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’सारख्या छोट्या प्रोग्रामने त्या एका यादीत बघता येतात. दहापैकी नऊ वेळा एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल, तर आधी त्या ड्रायव्हरकडे बघा, रॅमकडे नंतर. नावं विखुरलेली असतील, तर मूळ बहुधा खाली, हार्डवेअरमध्ये आहे.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीवरून फार लोक घाईने निष्कर्ष काढतात. ती नोंद एवढंच सांगते, की मागच्या वेळी पीसी नीट बंद झाला नव्हता. तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा कोड, शून्य असेल, तर विंडोजला निळी स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही. तिथे पॉवर सप्लाय, सैल केबल, अचानक गेलेली वीज, पूर्ण हँग झाल्यावर दाबलेलं रीसेटचं बटण असं काहीही असू शकतं. ‘रॅम वाढवली म्हणून एसएमपीएस (पॉवर सप्लाय) कमी पडतोय’ हे निदानही बऱ्याचदा ऐकू येतं. एक स्टिक जेमतेम काही वॉट घेते. दोन स्टिकने कमी पडणारा एसएमपीएस आधीच शेवटच्या घटका मोजत असणार.

निळी स्क्रीन येत नाही, नुसती शंका आहे, अशा वेळी पाच-सहा जीबीची एखादी फाइल घ्या, एखाद्या ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ असली तरी चालेल. तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, विंडोजच्या ‘सर्टयुटिल’ कमांडने सलग पाच-सहा वेळा काढा. फाइल तीच, उत्तरही प्रत्येक वेळी तेच यायला हवं. शेवटचे आकडे एकदा जरी वेगळे आले, तरी प्रोसेसर, रॅम आणि डिस्क या साखळीत कुठेतरी बिट उलटतोय हे पक्कं समजा. उलट, सगळी उत्तरं सारखी आली म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही. मोठ्या झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलची पडताळणी न जुळल्याची) येणं, गेम इन्स्टॉल होताना फाइल खराब असल्याचं सांगणं, ही त्याच जातीची लक्षणं.

स्लॉट, क्लिक आणि खोडरबर

पीसी शट डाउन करताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे फास्ट स्टार्टअपसाठी अर्धवट साठवलेलं सत्र शिल्लक राहत नाही. मग मागचा स्विच बंद करा, केबल काढा आणि पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. बोर्डावरचा छोटा दिवा विझेपर्यंत स्टिक काढायची नाही, कारण पीसी बंद असला तरी केबल लागलेली असताना बोर्डावर स्टँडबाय वीज असते. हात कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला लावा आणि स्टिक कडेने धरा.

चार स्लॉटच्या बोर्डात दोनच स्टिक असतील, तर त्या प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. बोर्डावर त्यांना ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. हा नियम कशासाठी, ते समजून घ्या. आजच्या बहुतेक बोर्डांवर एका चॅनेलची, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या एका वाटेची, तार आधी पहिल्या स्लॉटला स्पर्श करून पुढे दुसऱ्या स्लॉटपर्यंत जाते. स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये लावली आणि दुसरा रिकामा ठेवला, की तारेचं उरलेलं टोक उघडं राहतं. सिग्नल त्या टोकापर्यंत जाऊन परत फिरतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. २१३३ च्या वेगाला ते खपून जातं, ३२०० किंवा ३६०० ला खपत नाही. चुकीच्या स्लॉटमुळे कोसळणारा पीसी नुसती जागा बदलल्यावर सुधारतो, पैसा लागत नाही.

स्टिक बसवताना दोन्ही टोकांना अंगठ्याने सरळ दाब द्या. बऱ्याच बोर्डांना खटका फक्त वरच्या बाजूला असतो आणि फसगत तिथेच होते. खटका लागतो, पण खालचं, ग्राफिक्स कार्डाकडचं टोक अर्धा मिलिमीटर वर राहतं. डोळे बोर्डाच्या पातळीला आणून बघा. सोनेरी पट्ट्या स्लॉटबाहेर डोकावत असतील किंवा एका बाजूला कमी-जास्त दिसत असतील, तर ती बसलेली नाही. बोर्ड फार वाकत असेल, तर ग्राफिक्स कार्ड काढून मग दाबा.

कोकणपट्टी, मुंबई, गोवा या दमट आणि खाऱ्या हवेच्या भागात जुन्या स्टिकचे पितळी पडलेले, डागाळलेले काँटॅक्ट हे खरंच कारण असतं. दुकानांतला खोडरबरचा उपाय चालतो, पण तो सोन्याचा पातळ थर घासूनच काम करतो. त्यामुळे मऊ पांढरा खोडरबर, दोन-तीन हलके हात, तेही पट्टीच्या लांबीच्या दिशेने, आणि वर्षातून एकदाच. पेनच्या शाईचा खरखरीत निळा खोडरबर नको. त्याहून चांगलं म्हणजे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. खोडरबरचा चुरा स्लॉटमध्ये पडला, तर नवीनच दुखणं लागेल, म्हणून पुसायचं काम बोर्डापासून लांब करा. स्लॉटमध्ये फुंकर मारायची सवयही सोडा, तोंडातली वाफ थेट काँटॅक्टवर बसते.

एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकच

खोक्यावर ३६०० लिहिलेलं असतं, म्हणून ती स्टिक ३६०० ची, असं आपण धरून चालतो. स्टिकवर एक छोटी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. तिच्यात दोन प्रकारचे आकडे असतात. पहिले जेडेक या संस्थेच्या मानकांप्रमाणे, डीडीआर४ साठी १.२ व्होल्टवर २१३३, २४००, २६६६ किंवा ३२००. दुसरे एक्सएमपीचे, म्हणजे स्टिक बनवणाऱ्याच्या तयार सेटिंगचे, बहुधा १.३५ व्होल्टवर, जास्त वेगाचे आणि घट्ट टायमिंगचे (टायमिंग म्हणजे प्रत्येक कामासाठी रॅमला दिलेला वेळ). स्टिक बनवणाऱ्याने खात्री दिली असते ती स्टिकची. तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर तो वेग झेपवेल, याची हमी त्या खोक्यावर नसते. म्हणूनच तो ओव्हरक्लॉक, म्हणजे मानकापलीकडचा वेग.

मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्या आतच असतो, आणि त्याच्यावर किती स्टिकचा भार आहे यावर त्याचा वेग ठरतो. रायझन ३००० आणि ५००० साठी एएमडीने दिलेले अधिकृत आकडे असे: दोन स्टिक असतील तर ३२००, चार स्टिक एकेरी रँकच्या असतील तर २९३३, चारही दुहेरी रँकच्या असतील तर २६६७. म्हणजे दोन स्टिकवर ३६०० ला वर्षभर मजेत चाललेला पीसी चार स्टिकवर त्याच सेटिंगला कोसळला, तर त्यात कोणाचाच दोष नाही. त्याला झेपेल त्याहून जास्त आपण मागतोय. नव्या रॅमनंतरच्या तक्रारींत हे कारण सगळ्यांत जास्त आढळतं, आणि तरीही ते सगळ्यांत शेवटी तपासलं जातं, याचं वाईट वाटतं.

रँक म्हणजे एका वेळी एकत्र वापरला जाणारा चिपचा गट; स्टिकवर असे किती, ते लेबलवर वाचता येतं. ‘१आरएक्स८’ म्हणजे एक रँक, ८ बिट रुंदीच्या चिप. ‘२आरएक्स८’ म्हणजे दोन रँक. ‘१आरएक्स१६’ म्हणजे कमी संख्येच्या, रुंद चिप; स्वस्त ८ जीबी स्टिकमध्ये या हल्ली खूप दिसतात आणि थोड्या मंदही असतात. त्याच लेबलवर पीसी४-२५६०० असा आकडा असेल, तर त्याला ८ ने भागा, ३२०० येईल.

‘सेम टू सेम मॉडेल घेतलं, तरी का भांडतात?’ हा प्रश्न नेहमी येतो. मॉडेलचा क्रमांक तोच ठेवून कंपन्या आतल्या चिप बदलतात. वर्षापूर्वीच्या जोडीत सॅमसंगच्या चिप असतील, नव्या जोडीत मायक्रॉनच्या किंवा हायनिक्सच्या. पहिली चार टायमिंग लेबलवर असतात, ती जुळतात. पण लेबलवर नसलेली डझनभर दुय्यम टायमिंग जुळत नाहीत. त्यांतलं टीआरएफसी, म्हणजे रिफ्रेशला लागणारा वेळ, चिपच्या घनतेप्रमाणे बराच बदलतो. बोर्ड एका जोडीचं टायमिंग चारही स्टिकना लावतो आणि दुसऱ्या जोडीला तेवढा वेळ पुरत नाही. सीपीयू-झेड उघडा, एसपीडीच्या टॅबमध्ये प्रत्येक स्लॉट निवडा आणि चिप कोणाची, रँक किती, उत्पादनाचा आठवडा कोणता, हे चारही स्टिकचं शेजारी शेजारी लिहून काढा. फरक डोळ्यांसमोर येतो.

तेव्हा पहिला प्रयोग हाच: बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा. काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी असतं. सगळं ऑटोवर ठेवा आणि दोन दिवस पीसी नेहमीसारखा, पण महत्त्वाचं काही न लिहिता वापरा. पीसी बायोसपर्यंतही पोहोचत नसेल, तर केबल काढून बोर्डावरची गोल सीआर२०३२ बॅटरी पाच-दहा मिनिटं बाहेर काढा किंवा क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग्ज पुसणाऱ्या) दोन पिना बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे जोडा. जेडेकच्या वेगाला क्रॅश पूर्ण थांबले, तर स्टिक बहुधा चांगल्या आहेत आणि प्रश्न वेगाचा आहे. जेडेकच्या वेगालाही कोसळत असेल, तर पुढची परीक्षा अटळ आहे.

मेमटेस्ट: कसा चालवायचा आणि काय वाचायचं

विंडोजच्या आत चालणारा कुठलाही टेस्ट विंडोजने स्वतः अडवलेल्या जागेला हात लावू शकत नाही. म्हणून पेनड्राइव्हवरून सुरू होणारा टेस्ट घ्या: पासमार्कचा मेमटेस्ट८६ किंवा मुक्त स्रोत असलेला मेमटेस्ट८६+. नावं जवळची, प्रोग्राम वेगळे, कामाला दोन्ही चांगले. मेमटेस्ट८६ च्या मोफत आवृत्तीत चार पास, म्हणजे पूर्ण फेऱ्या, होतात, तेवढे पुरतात. त्यातला पहिला पास छोटा असतो, तो बघून उठू नका. ३२ जीबीला चार पास म्हणजे कित्येक तास, म्हणून रात्री लावा. विंडोजचा स्वतःचा मेमरी डायग्नोस्टिक फक्त स्टँडर्डवर चालवला, तर बरेच दोष त्याच्या हाती लागत नाहीत. वापरायचाच असेल, तर एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी जेडेकच्या वेगाला, एकच स्टिक, ए२ स्लॉटमध्ये. चार पास. मग ती काढून दुसरी, त्याच स्लॉटमध्ये. प्रत्येक स्टिकला चिकटपट्टीचा तुकडा लावून अ, ब, क, ड लिहा, नाहीतर तिसऱ्या फेरीपर्यंत कोणती कोणती हे कळेनासं होतं. सगळ्या एकेकट्या पास झाल्या, तर त्यांतली एक घ्या आणि तीच प्रत्येक स्लॉटमध्ये फिरवा. यात स्लॉट तपासला जातो. त्यानंतर दोन, मग चार, आणि सगळ्यांत शेवटी एक्सएमपी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदल एकदम केले, की निकाल कशामुळे बदलला ते सांगता येत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एरर आली, तर घाबरून मशीन बंद करू नका, आधी वाचा. प्रत्येक ओळीत पत्ता असतो, अपेक्षित मूल्य असतं, प्रत्यक्ष मिळालेलं मूल्य असतं आणि त्या दोघांतला फरक दाखवणारा मास्क. समजा मास्क ००००००२० आहे आणि पत्ता प्रत्येक पासमध्ये तोच. याचा अर्थ एकच बिट, एकाच जागी, दरवेळी चुकतोय. ती चिपमधली मेलेली पेशी आहे. वेग उतरवा, व्होल्टेज वाढवा, ती बरी होणार नाही. स्टिक वॉरंटीत परत. याउलट पत्ते विखुरलेले, मास्क दरवेळी वेगळा, आणि एरर फक्त चार स्टिक एकत्र असताना किंवा फक्त एक्सएमपीवर येत असेल, तर ती वेगाची आणि टायमिंगची गोष्ट आहे. एकच स्टिक एका स्लॉटमध्ये नापास आणि दुसऱ्यात पास होत असेल, तर स्लॉट किंवा प्रोसेसरचा सॉकेट.

मेमटेस्ट८६ मधली १३ क्रमांकाची हॅमर टेस्ट थोडी वेगळी आहे. शेजारच्या ओळी फार वेगाने सतत वापरून ती मधली ओळ बिघडते का ते बघते. रोजच्या कामात असा मारा सहसा होत नाही. फक्त याच टेस्टमध्ये एक-दोन एरर असतील आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर क्रॅशचं कारण दुसरीकडेही शोधा. बाकीच्या कुठल्याही टेस्टमधली एक एररसुद्धा जास्तच. ‘चार तासांत एकच आली, चालेल’ हे मला मान्य नाही. ती एक कोणत्या फाइलच्या वाट्याला येईल ते आपल्या हातात नसतं.

मेमटेस्ट पास आणि तरीही क्रॅश, असंही होतं. मेमटेस्टमध्ये ग्राफिक्स कार्ड थंड असतं आणि प्रोसेसरवर फारसा ताण नसतो. त्यानंतर विंडोजमध्ये प्राइम९५ चा लार्ज एफएफटी किंवा टेस्टमेम५ तासभर चालवा, कारण तिथे कंट्रोलर आणि रॅम दोघं एकदम तापतात.

तापण्याचा मुद्दा आपल्याकडे जास्तच लागू पडतो. रॅमची प्रत्येक पेशी म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर, आणि त्यातला चार्ज सतत गळत असतो. म्हणून डीडीआर४ मध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरली जाते. तापमान वाढलं की गळती वाढते, आणि चिपचं तापमान ८५ अंशांपुढे गेलं की मानकच दुप्पट वेळा रिफ्रेश करायला सांगतं. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या वर असते. रात्री पास झालेली टेस्ट दुपारी दोनला नापास होत असेल, तर कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून, स्टिकवर पंखा लावून तीच टेस्ट पुन्हा करा. फरक पडला, तर हवा खेळती करा किंवा व्होल्टेज आणि वेग एक पायरी खाली आणा.

आता चार स्टिकच्या त्या पीसीवर उपाय. पहिला पर्याय, आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा: एक्सएमपी लावा, पण वेग हाताने २९३३ करा, नाही जमलं तर २६६६. ३२०० आणि २६६६ मधला फरक ऑफिसच्या कामात जाणवत नाही आणि गेममध्ये थोडासा जाणवतो. दिवसाला एक निळी स्क्रीन मात्र सगळ्यांनाच जाणवते. वेग सोडायचा नसेल, तर टायमिंग सैल करा, १६-१८-१८-३८ चं १८-२२-२२-४२. रॅमला हुकूम घ्यायला जास्त वेळ मिळावा म्हणून कमांड रेट २टी करा किंवा गिअर डाउन मोड चालू ठेवा. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या ज्या भागात मेमरी कंट्रोलर असतो त्याचं) ऑटोवर किती आहे ते बघा आणि गरज असेल तर १.१ पर्यंत न्या. एएम४ वर १.२ ओलांडायचं कारण नाही. रॅमचं व्होल्टेज १.३५ असताना १.३७ करून बघायला हरकत नाही, मात्र प्रत्येक बदलानंतर पुन्हा टेस्ट. एवढं करूनही स्थिर होत नसेल, तर चारही विकून १६ जीबीच्या दोन स्टिकची एकाच खोक्यातली जोडी घेणं हा कायमचा इलाज आहे. नव्याने विकत घेणाऱ्याने तर सुरुवातच तिथून करावी.

डीडीआर५ मध्ये चार स्टिकचा प्रश्न अजून कडक होतो. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकला ५२०० आहे, चार स्टिकला ३६००. ६००० च्या दोन जोड्या घेऊन चारही स्लॉट भरणाऱ्याने हे आधी वाचावं. दुसरं म्हणजे पहिल्यांदा सुरू करताना मेमरी ट्रेनिंग होतं, म्हणजे पीसी रॅमसाठी चालणारी सेटिंग्ज स्वतः जुळवून बघतो. स्क्रीन काळी, पंखे फिरतायत, बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटलेला, अशी कित्येक मिनिटं जातात. रॅम जास्त असेल तर आणखी. तो बिघाड नाही. मध्येच बटण दाबून बंद केलं, तर ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. किमान १५ मिनिटं थांबा. २४ आणि ४८ जीबीच्या स्टिकना नवं बायोस लागतं, जुन्यावर पीसी सुरूच होत नाही. आणि एएम५ वर (रायझन ७००० च्या सॉकेटवर) एसओसी व्होल्टेज १.३ च्या वर नेऊ नका. प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारींनंतर २०२३ मध्ये एएमडीने तीच मर्यादा घातली. तुमचं बायोस त्याआधीचं असेल, तर एक्सपो (एएमडीचं एक्सएमपीसारखं प्रोफाइल) लावण्याआधी अपडेट करा. डीडीआर५ च्या चिपमध्ये चुका दुरुस्त करायची सोय असते हे खरं, पण ती चिपच्या आतल्या आत. स्टिक आणि प्रोसेसरच्या वाटेत झालेली चूक ती पकडत नाही.

लॅपटॉपमध्ये बहुधा एक्सएमपी नसतंच, त्यामुळे वेगाचा घोळ कमी आणि जुळण्याचा जास्त. जेडेकच्या आकड्यांत ३२०० असलेलीच स्टिक घ्या. फक्त एक्सएमपीत ३२०० असलेली तिथे २६६६ किंवा कमी वेगाला चालेल. झाकण उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. जुन्या, चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ दिसायला तीच, पण तिथे चालत नाही. जुन्या डेस्कटॉपसाठी ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबी डीडीआर३ स्टिकच्या वर्णनात कोपऱ्यात ‘फक्त एएमडीसाठी’ लिहिलेलं असतं, तेही वाचा. तिच्या चिपची रचना इंटेलचे त्या काळातले कंट्रोलर ओळखत नाहीत.

रॅम बदलताना कूलरही काढला असेल, तर अजून एक जागा तपासा. कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले, की प्रोसेसर सॉकेटमध्ये असमान दाबला जातो आणि एखादा मेमरी चॅनेल गायब होतो किंवा अधूनमधून तुटतो. स्क्रू सैल करा, मग समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. १६ जीबी लावून ८ च वापरता येत असेल आणि क्रॅश होत नसेल, तर एमएसकॉन्फिगमधल्या बूटच्या अॅडव्हान्स्ड पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’वर खूण आहे का बघा, असेल तर काढा.

रॅम स्थिर झाली, रात्रभर टेस्ट स्वच्छ गेली, तरी काम संपलेलं नसतं. त्या वाईट दिवसांत विंडोजच्या फाइलसुद्धा खराब झालेल्या असू शकतात, आणि मग चांगल्या रॅमवरही क्रॅश चालूच राहतात. अशा वेळी लोक चांगली स्टिक परत करून मोकळे होतात. विंडोजच्याच तपासणी-दुरुस्तीच्या कमांड वापरा: आधी चेकडिस्क चालवा, मग डिझमचा रीस्टोअर हेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ. हा क्रम उलटा करू नका: एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या प्रती घेतं, तो साठाच डिझम दुरुस्त करतं. एसएफसीने दुरुस्त न होणाऱ्या फाइल सापडल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलं, तर विंडोज नव्याने टाका. नवी रॅम लावल्याच्या तारखेनंतर बदललेल्या फाइल तारखेप्रमाणे लावून घ्या. झिप असतील तर त्यांचा टेस्ट चालवा, फोटो एकेक उघडून बघा आणि फोनमध्ये किंवा कार्डावर मूळ प्रत असेल तर तीच पुन्हा कॉपी करा. त्या दिवसांत घेतलेला बॅकअप जुन्या बॅकअपवर चढवू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

स्टिक खरोखरच मेली असेल, तर मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो काढा, पत्ता आणि मास्क स्पष्ट दिसेल असा. जोडी असेल तर दोन्ही स्टिक मागे पाठवाव्या लागतात, कारण बदलूनही जोडीच येते. हीटसिंकवरचं स्टिकर फाडलं की वॉरंटी जाते, म्हणून चिप बघायला हीटसिंक उचकटू नका. वॉरंटी संपलेली आणि एकच पेशी खराब, अशी स्टिक लिनक्समध्ये कर्नलच्या मेममॅपने किंवा विंडोजमध्ये बीसीडीएडिटच्या बॅडमेमरी यादीने तो पत्ता वगळून वापरता येते. टीव्हीला जोडलेल्या, फक्त सिनेमे बघायच्या मशीनमध्ये ती घालायला माझी हरकत नाही. हिशेब, फोटो किंवा मुलांचे प्रोजेक्ट ज्या मशीनवर आहेत, तिथे ती घालू नका.